हिरव्या नकाशाची आणि तळकोंडच्या शिंगाची बखर

श्रीगणराय प्रसन्न. श्रीसरस्वती प्रसन्न. ज्या कोण्या देवानें माणसास दोन कान देऊन मध्यें डोकें दिलें तोही प्रसन्न असावा; नसल्यास पुढील मजकूर ऐकून तरी व्हावा. शके एकोणीसशें सतरा, युवानाम संवत्सर, ते वर्षीं एके राज्यांत (राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण यांतील कारभारी अद्याप सुखरूप असून पेन्शन खात आहेत) हुजुरांचे मनीं आलें कीं आपला शब्द रयतेचे कानीं आपणच घालावा, मधल्या माणसांनीं तो वाटेंत खाऊं नये. मग राजधानीचे माळावर लोखंडी मनोरा उभा केला, आणि त्याचे पायथ्याशीं इमारत बांधून तीस नादमहाल ऐसें नांव दिलें, आणि तेथून रेडिओवर सकाळीं भजन, दुपारीं शेतकीचा सल्ला, सायंकाळीं बातमी आणि मधून मधून साबणाची, खताची व दंतमंजनाची जाहिरात ऐसा कारखाना सुरू जाहला. नादमहालाचे सरसुभे सुभानराव म्हणून नेमिले. सुभानराव देहानें थोर आणि आवाजानें त्याहून थोर. एके खोलींत बोलले तर तिसरे खोलींतील कारकून उठून उभा राही, त्यामुळें आवाज हा सर्वत्र पोंचतोच ऐसी त्यांची जन्माची समजूत जाहली होती. मग साबणवाले आणि दंतमंजनवाले आले आणि पुसों लागले कीं, तुमचा रेडिओ कोठवर ऐकूं जातो तें कागदावर दाखवा, मग जाहिरात देऊं. तेव्हां सुभानरावांनीं नकाशेनवीसास बोलावून फर्माविलें कीं, दोन दिवसांत नकाशा पाहिजे. नकाशेनवीसानें कंपास घेतला, एक टोंक मनोऱ्यावर रोविलें, पेन्सिलीचें टोंक राज्याचे शिवेवर नेलें आणि गरकन फिरवून वर्तुळ काढलें आणि आंत हिरवा रंग भरला. मग तो भीत भीत बोलिला, "सरकार, मध्यें डोंगर आहेत. आवाज डोंगर चढून पलीकडे उतरेल ऐसी माझी खात्री नाहीं." सुभानराव म्हणाले, "मग नकाशांतले डोंगर पुसून टाका. खरे डोंगर जागचे जागीं आहेतच, त्यांस कोण हात लावतो?" आणि डोंगर पुसले. ऐसा तो निर्डोंगरी नकाशा हुजुरांचे मोहोरेनिशीं छापून कचेरीकचेरींत, शाळेशाळेंत आणि बसस्टँडावरील मुतारीचे भिंतीस देखील लाविला, आणि खालीं ठळक अक्षरें घातलीं कीं, राज्याचा कानाकोपरा आमचे आवाजांत. येथवर कोणाचें कांहीं बिघडलें नव्हतें. भजन ऐकूं आलें अगर न आलें, त्यानें कोणी मरत नाहीं.

परंतु राज्याचे पश्चिमेस थोरलें धरण होतें आणि धरणाखालीं सांबरी नदी, आणि नदीचे खोऱ्यांत दोहों अंगांस डोंगर घेऊन मौजे तळकोंड हा गांव बसला होता. गांव नदीचे अलीकडे आणि गुरुवारचा बाजार पलीकडे. पूल नाहीं. पूल होणार ऐसें तीन हुजूर सांगून गेले. तेव्हां दर गुरुवारीं सगळा गांव, डोईवर पाट्या, कडेवर पोरें, हातांत कोंबड्या ऐसा गुडघाभर पाण्यांतून उतारानें, म्हणजे नदी पायीं ओलांडायचे जागेनें, पलीकडे जाई आणि दुपार कलतां परत येई. धरण भरलें म्हणजे दरवाजे उघडीत, आणि उघडल्यापासून अर्धे तासांत उतारांतील गुडघाभर पाणी पुरुषभर होई. याकरितां वाडवडिलांपासून ऐसी चाल होती कीं, दरवाजे उघडायचे आधीं धरणावर लाल निशाण चढवावें, तें खिंडीवरचे चौकींतून दिसावें, आणि चौकीवरील शिंगाड्यानें तीन लांब आणि एक आखूड ऐसें शिंग फुंकावें. तें शिंग खोऱ्यांत उतरलें कीं माणूस हातचें टाकून वर पळे. शिंगाड्या हैबती म्हणून होता, तीस वर्षें चाकरी जाहली होती, छाती भात्यासारखी आणि बोलणें मुळींच नाहीं; सगळा वारा शिंगाकरितां राखून ठेविला होता. आणि मग हिरवा नकाशा छापून आला, आणि दरबारीं कोणी शहाण्यानें मुद्दा काढिला कीं, तळकोंड हिरव्यांत आहे, मग तेथें रेडिओ पोंचतोच, मग शिंगाचें आणि निशाणाचें काय काम? लागलीच हुकूम सुटला कीं, निशाण बंद, शिंग बंद, दरवाजांची सूचना नादमहालांतून रेडिओवर सांगावी. शिंग पेटाऱ्यांत घालून मोहोरबंद करावें. हैबतीस खिंडीवरील सरकारी बंगल्याचा खानसामा करावें. आणि तीस वर्षें शिंग फुंकणारा तो वीर चुलींत फुंकर घालून साहेबलोकांचे चहाचें आधण आणूं लागला.

आतां नादमहालांत पडताळणीचे कामावर राजश्री निळो बाबदेव म्हणून कारकून होते. निळोपंत हा मनुष्य फार अवघड. जें डोळ्यांनीं पाहिलें अगर कानांनीं ऐकिलें तेवढेंच लिहावें, अधिक एक अक्षर नाहीं, ऐसा त्यांचा बाणा. एकदां सुभानरावांनीं कागदावर लिहावयास सांगितलें कीं, समारंभास हजारों लोक जमले, तर यांनीं लिहिलें, एकशें तेरा, पैकीं नऊ झोंपलेले. त्यामुळें बढती कधीं जाहली नाहीं. मोहोरेवर मात्र त्यांची देवासारखी श्रद्धा. सरकारी मोहोर लागली म्हणजे ती वस्तु मोडूं नये, ती मोडील तो राज्य मोडील, ऐसें ते नव्या कारकुनांस शिकवीत. ऐसे निळोपंत आश्विन लागण्याचे सुमारास एके दिवशीं टपालाचा ढीग उपसत असतां एक कार्ड हातीं आलें, आणि त्यावर तांबडा शिक्का होता कीं, खूणशब्द नाहीं, सबब नामंजूर.

हा खूणशब्द काय तें सांगितलें पाहिजे, कारण सांगितल्याशिवाय कोणी खरें मानणार नाहीं. सुभानरावांनीं नकाशा खरा कीं खोटा याची पारख करण्याकरितां रेडिओवर महिनाभर जाहीर केलें कीं, ज्या कोणास आमचा आवाज ऐकूं येत नसेल त्यानें नादमहालास कार्ड टाकावें, आणि कार्डावर आज सांगितलेला खूणशब्द लिहावा, म्हणजे तक्रार खरी समजली जाईल. खूणशब्द रोज बदले; एके दिवशीं मोरपीस, एके दिवशीं पंचारती. महिना सरला, आणि खूणशब्दासह एकही तक्रार आली नाहीं. झालें! ढोल वाजले, पेढे वाटले, आणि हुजुरांस कळविलें कीं, राज्यांत ऐकूं न येणारा मनुष्य शोधूनही सांपडत नाहीं. हें जेव्हां निळोपंतांनीं ऐकिलें होतें तेव्हां त्यांनीं कपाळावर हात मारून घेतला होता, परंतु त्यांस कोणी पुसलें नव्हतें.

तर तें कार्ड तळकोंडचे पाटलीणबाईचें होतें. नांव ठकूबाई. पाटील वारल्यास बारा वर्षें जाहलीं, आणि तेव्हांपासून गांवचा कारभार बाईच पाहात. कार्डावर लिहिलें होतें: "साहेबास ठकूबाईचा रामराम. हे तिसरं कार्ड. तुम्ही खूणशब्द मागता. अवो, खूणशब्द ऐकू आला असता तर कार्ड कशाला टाकलं असतं? तुमचा रेडिओ इथं येत न्हाई. आमची माणसं दर गुरवारी नदीतनं चालतात. धरण गच्च भरलंय. आमचं शिंग आम्हाला परत द्या. भजन नको." निळोपंतांनीं कार्ड तीन वेळां वाचिलें आणि चौथे वेळीं उठून सुभानरावांपाशीं गेले. म्हणाले, "सरकार, ही बाई बरोबर बोलते." सुभानराव म्हणाले, "खूणशब्द आहे?" निळोपंत म्हणाले, "नाहीं, आणि नाहीं म्हणूनच ती बरोबर बोलते." सुभानराव हंसले आणि तिसरे खोलींतला कारकून उठून उभा राहिला. म्हणाले, "पंत, तुमचा स्वभावच खुसपटी. एवढी हौस आहे तर जा, खिंडीवर जा, बंगल्यांत बसा, रेडिओ लावा, हैबती चहा बरा करतो तो प्या, आणि ऐकूं येतें ऐसें लिहून या." निळोपंत म्हणाले, "गांव खिंडीवर नाहीं, खालीं आहे." सुभानराव म्हणाले, "पडताळणीचा नियम काय आहे? जेथवर जीप जाते तेथवर पडताळणी. जीप खिंडीवर थांबते. आणि खिंडीवरून गांव दिसतो कीं नाहीं? मग तो पडताळणींत आला." निळोपंतांनीं कार्ड खिशांत घातलें आणि जीपेंत बसले.

खिंडीवर रेडिओ लाविला तों इतका स्वच्छ कीं दंतमंजनाचे जाहिरातींतील बाईचा श्वास देखील ऐकूं यावा. निळोपंतांनीं तें प्रामाणिकपणें टिपलें. मग रेडिओ काखोटीस मारिला आणि पायवाटेनें उतरूं लागले. ड्रायव्हर ओरडला, "साहेब, नियमांत नाहीं!" तें ऐकूं आलें, तेंही टिपलें. दोन वळणें उतरतां दंतमंजनवाली बाई पुटपुटूं लागली, चौथे वळणास तिचे तोंडांत कोणी बोळा कोंबावा तैसें जाहलें, आणि गांवांत पाय ठेवितां काखेंत नुसतें खर्रखर्र, कढईंत तळण सोडावें तैसें. ठकूबाई ओसरीवर शेंगा निवडीत बसली होती. उंच, सुकी, कपाळास आठ्या आणि आठ्यांस कारण. तिनें पंतांस नखशिखांत पाहिलें, काखेंतील रेडिओ पाहिला आणि म्हणाली, "आला का आनखी एक? बसा. पानी प्या. आन मग तुमचं तळण बंद करा, कान किटले."

मग गुळपाणी जाहलें आणि पंतांनीं कार्ड खिशांतून काढून दाखविलें. ठकूबाईचा चेहरा थोडा निवळला. पंतांनीं पुसलें कीं, दफ्तरांत गेले सालचा एक कागद आहे, त्यांत लिहिलें आहे कीं एक कारकून पडताळणीस खालीं उतरून आला होता आणि तळकोंडचे पांच असामींनीं ऐकूं येतें ऐसा जबाब दिला, त्याचें काय? हें ऐकतां पाटलीणबाईनें शेंगांचें सूप असें आपटलें कीं कोंबड्या उडाल्या. कोपऱ्यांत एक म्हातारा तंबाखू मळीत होता, म्हादबा म्हणून, त्याकडे बोट करून म्हणाली, "इचारा ह्याला! पाचातला पयला हाच." म्हादबा खालमानेनें म्हणाला, "पाटलीणबाई, पाव्हना घामाघूम झाला हुता वो. एवढी खिंड उतरून आला, रेडिव काखंत, पायाला फोड. आन त्याच्या तोंडावर न्हाई म्हनायचं? आपल्या गावात पाव्हन्याला कुनी न्हाई म्हनलंय का कवा? येतंय म्हनलं. त्याला बी बरं वाटलं." ठकूबाई म्हणाली, "त्याला बरं वाटलं, आन आमचं शिंग गेलं! मुडद्या, मला इचारायचं तरी!" म्हादबा म्हणाला, "तुमी बाजाराला गेल्या हुत्या." खरोखर या गांवची रीतच ऐसी होती, कीं आलेल्या माणसास हिरमुसून धाडूं नये, आणि ती रीत सरकारी कागदावर जबाब म्हणून चढली आणि सातशें माणसांचे गळ्याशीं आली. पंतांस राग कोणाचा करावा हें समजेना. म्हाताऱ्याचा करवेना, आणि ज्याचा करावा तो सरसुभा राजधानींत बसला होता.

गांवांत रेडिओ सात होते. सातही आणवून पंतांनीं ओसरीवर ओळीनें मांडिले आणि एकेकाचा खुंटा पिरगाळिला. सातांतून सात तऱ्हेचें खर्रखर्र निघालें. मग ठकूबाईची सून म्हणाली, "मामंजींच्या विहिरीवर जरा येतो." मग सगळी मिरवणूक विहिरीवर गेली. तेथें रेडिओची तार रहाटास बांधिली, दुसरें टोंक सुनेनें हातांत धरिलें, एक पाय पाण्यानें भरलेले बादलींत बुडविला, दुसरा काठावर ठेविला, मान डावीकडे केली, आणि रेडिओ एकाएकीं बोलला, "राज्याचा कानाकोपरा आमचे." तितक्यांत सुनेस शिंक आली आणि पुन्हां खर्रखर्र. पंतांनीं टिपलें: विहिरीवर, सून तार धरून, एक पाय बादलींत, शब्द तीन. ठकूबाई म्हणाली, "आता सांगा पंत. धरनाचं दार उघडायच्या टायमाला माझ्या सुनेनं बादलीत पाय घालून हुभं ऱ्हायाचं का? दिसभर? रोज?" पंत म्हणाले, "बाई, मीं हें जसेंच्या तसें लिहीन." ती म्हणाली, "लिवा. लिवणाऱ्यांची कमी न्हाई बघा. वाचणारा कुनी हाय का तिकडं?" हें बोलणें पंतांचे उरांत सलत राहिलें, आणि खिंड चढून वर येईतों त्यांनीं तीन वेळां स्वतःशींच म्हटलें कीं, वाचवीन, वाचवीन, वाचायला लावीन.

मग कागद हुजुरांपुढें गेला. हुजुरांनीं एका हातीं कागद धरिला आणि समोर भिंतीवरील नकाशा पाहिला आणि पुसलें, "नकाशावर मोहोर कोणाची?" सुभानराव म्हणाले, "हुजुरांची." "आणि या कागदावर?" निळोपंत म्हणाले, "माझी सही." हुजूर म्हणाले, "मग आमची मोहोर खोटी आणि तुमची सही खरी, ऐसें म्हणतां?" मोहोर खोटी हा शब्द पंतांचे तोंडून निघेना. येवढेंच बोलले कीं, "हुजूर, धरण भरलें आहे. माणसें उतारांतून चालतात. निदान शिंग तरी पुन्हां सुरू करावें." तेव्हां सुभानराव मध्यें पडले आणि म्हणाले कीं, वाद कशास, येत्या गुरुवारीं आपण जातीनें खिंडीवर जाऊं, पंतही येतील, तेथें रेडिओ ऐकूं आला तर नकाशा खरा, न आला तर शिंग. पंत म्हणाले, "खिंडीवर येतोच हो! कोण नाहीं म्हणतो?" सुभानराव म्हणाले, "ऐकलेंत हुजूर? हे स्वतःच कबूल करतात." दरबार हंसला. पंतांनीं हात टेकले. भिंतीवर डोकें आपटावें तर तेथेंही नकाशा लाविलेला होता.

आणि गुरुवार आला. सुभानरावांची स्वारी जीपेंतून खिंडीवर उतरली, बंगल्याचे ओट्यावर खुर्च्या मांडिल्या, मेजावर रेडिओ, हैबतीनें चहा आणि कांदाभजीं आणिलीं. ऊन स्वच्छ पडलें होतें. खालीं नदीचें पात्र चकाकत होतें आणि उतारापलीकडून बाजार करून परतणारीं माणसें मुंग्यांची रांग चालावी तैसीं पाण्यांत उतरत होतीं. पंत ओट्याचे कडेस उभे राहून मोजूं लागले, संवयच ती: एकेचाळीस, बेचाळीस, एक म्हैस, दोन शेळ्या. मध्यभागीं उंच, सुकी आकृति उभी राहून म्हाताऱ्यांस हात देत होती, ती ठकूबाई. इतक्यांत रेडिओवरचें गाणें थांबलें आणि शब्द आला, लख्ख, एकेक अक्षर मोत्यासारखें: "सांबरी खोऱ्यांतील ग्रामस्थांस सूचना. थोरल्या धरणाचे चार दरवाजे उघडण्यांत आले आहेत. नदीपात्रांत कोणीही उतरूं नये." सुभानरावांनीं भज्याचा घास हातांत धरून आनंदानें मांडीवर थाप मारिली. "ऐका पंत! शब्द न शब्द! आतां काय म्हणतां? लिहा, लिहा, आतांच लिहा." पंतांनीं नदीकडे बोट केलें. म्हणाले, "सरकार, माणसें पाण्यांत आहेत." सुभानराव म्हणाले, "त्यांस सूचना गेली." "त्यांस ऐकूं गेली नाहीं! पाहा, एकही हलत नाहीं!" सुभानराव कपाळावर हात आडवा धरून खालीं पाहात म्हणाले, "ऐकूनही न ऐकल्यासारखें करणारी रयत आहे ही. त्याला रेडिओ काय करणार? तुम्हीं ऐकलें ना?" "मीं ऐकलें!" "मग झालें तर. पडताळणी पूर्ण."

तेव्हां निळोपंतांनीं मान फिरविली आणि ओट्याचे कोपऱ्यांत शिंगाचा तो पेटारा पाहिला. पेटाऱ्यावर लाखेची मोहोर, हुजुरांची, लाल, अखंड. पंत तिच्यापुढें गुडघ्यांवर बसले. पंचवीस वर्षांचे सरकारी चाकरींत नव्या पोरांस शिकविलें होतें कीं मोहोर मोडूं नये. हैबती मागें येऊन उभा राहिला, चहाची किटली हातांत, आणि जन्मांत तीन शब्द न जोडणारा तो म्हणाला, "पंत, पानी वाकणाशी आलं." वाकण म्हणजे नदीचें वरचें वळण. पंतांनीं वर पाहिलें, आणि वाकणाशीं पांढरी रेघ दिसली, तें पाणीच होतें. मग पंतांनीं मेजावरील भज्यांचा झारा उचलला आणि मोहोरेवर ऐसा हाणला कीं लाख चौफेर उडाली आणि एक तुकडा सुभानरावांचे चहांत पडला. झांकण उघडून शिंग काढिलें आणि घाईंत आपणच तोंडास लाविलें आणि जीव खाऊन फुंकलें. त्यांतून वासरू हंबरावें तितकाच आवाज निघाला आणि तो ओट्यावरच मेला. "द्या हिकडं!" म्हणून हैबतीनें किटली टाकली, शिंग घेतलें, पाय रोविले, आणि वर्षभर चुलीपुढें सांठविलेला सगळा वारा त्यांत सोडिला. तीन लांब. एक आखूड. पुन्हां तीन लांब. तो नाद खिंडीवरून निघाला, डोंगरास लागला, पलीकडल्या डोंगरावरून फिरला आणि खोरें भरून टाकिलें. डोंगर नकाशांत नसले तरी येथें कामास आले.

खालीं मुंग्यांची रांग एक पळ थांबली आणि मग फुटली. पाट्या टाकल्या, शेळ्या खांद्यावर घेतल्या, कडेवरचीं पोरें काखेंत गेलीं. कोणी अलीकडे पळे, कोणी पलीकडे. उंच आकृति मध्येंच उभी राहून हात हालवीत होती, तिचा आवाज येथवर येत नव्हता परंतु शिव्या देते आहे हें समजत होतें. ती म्हादबास ओढीत सर्वांचे मागून निघाली. पाणी आलें. खडक गेले, वाट गेली, पाट्या आणि गाजरें आणि मिठाच्या पिशव्या वाहून गेल्या, म्हैस वाहून गेली. पंत ओट्याचे कडेस उभे राहून मोजूं लागले आणि मोजतां मोजतां चुकले आणि पुन्हां मोजूं लागले. अलीकडल्या तीरावर वीस. पलीकडल्या तीरावर वीस. मग अलीकडील दरडीवर एक उंच आकृति वर चढली आणि तिनें मागें हात देऊन एक म्हातारा ओढून काढिला. बेचाळीस. निळोपंत मटकन खालीं बसले आणि लहान पोरासारखे रडले. हैबती शिंग मांडीवर घेऊन धापा टाकीत होता. सुभानरावांनीं चहांतून लाखेचा तुकडा काढून बशींत ठेविला आणि म्हणाले, "मोहोर कोणाचे हुकुमानें मोडली?"

आतां जें जाहलें तें लिहितां हात चालत नाहीं, तरी लिहितों. नादमहालाचा कागद हुजुरांकडे गेला तो ऐसा: अमुक वाजतां रेडिओवर सूचना दिली, त्यानंतर पाव तासांत नदीपात्रांत एकही मनुष्य उरला नाहीं, सबब नकाशा खरा. शिंगाचें नांव नाहीं. हुजूर संतुष्ट जाहले. सुभानरावांस सोन्याचें कडें दिलें आणि नकाशा पुन्हां छापावयास सांगितला, हिरवा रंग आणखी गडद. आणि हुजुरांनीं आपण होऊन रेडिओवर तळकोंडकरांचें अभिनंदन केलें कीं, तुम्हीं सूचना ऐकून तात्काळ पाळली, ऐसी रयत भाग्यानें लाभते. तें अभिनंदन तळकोंडांत कोणी ऐकिलें नाहीं. ठकूबाईस महिन्यानें बसस्टँडावरचे माणसानें सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "मेल्यांनी म्हशीचं तरी नाव घेतलं का?"

तो कागद सहीकरितां निळोपंतांपुढें ठेविला. पंत म्हणाले, "सूचना मीं ऐकली. माणसें शिंगानें पळालीं, तें मीं पाहिलें. दोन्ही लिहा, सही करितों. एकच लिहिलें तर नाहीं." बहुत समजाविलें, बहुत धमकाविलें, ऐकेनात. मग मोहोर मोडिल्याचा ठपका ठेवून त्यांस राजधानींतून काढिलें आणि शिक्षा म्हणून खिंडीवरचे बंगल्यांत धाडिलें. हुकुमांत लिहिलें कीं, शिंग पुन्हां पेटाऱ्यांत घालावें, नवी मोहोर लावावी, आणि निळो बाबदेव यांनीं जन्मभर त्या मोहोरेची राखण करून दर महिन्यास ती शाबूद असल्याचें लिहून धाडावें. सुभानरावांस वाटलें, चांगली खोड मोडली.

पंत खिंडीवर गेले. ठकूबाई खिंड चढून आली, डोईवर भाकरींचें गाठोडें, आणि म्हणाली, "लई हाल केलं वो तुमचं आमच्यापायी." पंत म्हणाले, "बाई, येथें रेडिओ फार स्वच्छ ऐकूं येतो." मग पंतांनीं पेटारा उघडला, शिंग काढून हैबतीचे हातीं दिलें, आणि त्यानें तें स्वयंपाकघराचे दारामागें खुंटीस टांगलें. मग रिकाम्या पेटाऱ्याचें झांकण लाविलें, लाख तापविली, आणि हुकुमाबरोबर आलेली हुजुरांची मोहोर नीट, सरळ, काळजीनें उठविली. दर महिन्यास राजधानीस कागद जातो, पंतांचे सुवाच्य हस्ताक्षरांत, एकच ओळ: मोहोर शाबूद आहे, स्वतः पाहिली. यांत खोटें एक अक्षर नाहीं. आंत काय आहे हें दरबारानें कधीं पुसलें नाहीं.

सारांश येवढाच कीं, नकाशा हिरवा आहे, मोहोर शाबूद आहे, धरण दरसाल भरतें, पूल होणार आहे. आणि दर गुरुवारीं दुपार कलण्याचे सुमारास निळोपंत ओट्यावर रेडिओस कान लावून बसतात आणि हैबती चहा चुलीवर तसाच टाकून दारामागील खुंटीजवळ येऊन उभा राहतो. लिहिणारानें आपलें नांव घातलें नाहीं. ज्यांस ऐकूं येत नसेल त्यांनीं कळवूं नये, खिंडीवर यावें.